पहिले शंभर युनिट कोणाचे?

फाटकाला पाटी लावली त्या दिवशी जेवणवेळेपर्यंत चार फोन आले. पाटीवर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'वरच्या दोन रूम किरायाने देणे आहे'. आमच्याकडे घराचं भाडं नसतं, किराया असतो, भाडं ट्रॅक्टरचं. चौघांनीही तेच तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारले. किराया किती? पाणी आहे का? लाइट बिल कसं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आम्ही नवराबायकोने मिळून पाठ करून ठेवली होती. तिसऱ्याला मी चारही वेळा म्हणालो, "ते आपण बसून ठरवू." चौथा अंमळ उतावीळ होता. म्हणाला, "बसून काय पाहाचं काकाजी, फोनवरच सांगून द्या नं."

मी सांगून दिलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. आणि हे कबूल करायची लाज वाटत होती, कारण लाइट बिल या विषयात माझा अनुभव दांडगा आहे. फक्त तो दुसऱ्या बाजूचा आहे.

पोस्टातली नोकरी. चांदा डिव्हिजन म्हणजे एका टोकाला वरोरा, दुसऱ्या टोकाला पार सिरोंचा. गडचिरोली १९८२ साली वेगळा जिल्हा झाला, पण आमच्या बदल्यांना ती हद्द कधी दिसली नाही. तेहतीस वर्षांत मी आठ घरांत किरायाने राहिलो आणि आठ घरमालकांकडून विजेची आठ शास्त्रं शिकलो. ब्रह्मपुरीचे मालक पॉइंटावर पैसे घेत. बल्बचा एक पॉइंट, पंख्याचा एक पॉइंट, आणि ज्या भोकात काही खुपसलेलं नाही त्याचा अर्धा पॉइंट, कारण 'उद्या तुम्ही काही खुपसलं तर?' इस्त्री त्यांच्या शास्त्रात बसत नव्हती, म्हणून आम्ही तांब्यात निखारे घालून कपड्यांवर फिरवत असू. मूलच्या मालकांनी मेन स्विच आपल्या पलंगाशेजारी बसवून घेतला होता. रात्री दहाला ते जांभई देत आणि आमच्याकडे अंधार होई. सिंदेवाहीच्या मालकीणबाई सढळ हाताच्या. लोणचं, मोहाचे लाडू, काही ना काही घेऊन वर येत. वाटी माझ्या बायकोच्या हातात आणि नजर छताच्या पंख्यावर. पंखा फिरत असला की लाडू चार, बंद असला की सहा, असं माझं निरीक्षण आहे. बायकोला ते मान्य नाही.

वरोऱ्याला मात्र गुन्हा माझा होता. पाणी तापवायचा रॉड मी कपाटात लपवून ठेवला होता आणि थंडीत पहाटे सहाला बादलीत सोडत असे. तेव्हाच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती असायची, तिच्यावर एक काळी खूण. आमचा रॉड लागला की खालच्या बोळीतली चकती भिंगरीसारखी फिरू लागे. मालकीणबाई त्याच वेळी देवाला फुलं काढायला बोळीतून जात. तीन हिवाळे त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त रोज पहाटे सहाला मीटरपाशी आल्या की खोकत. कोरडा, स्पष्ट, दोनदा.

तर असा शिकून तयार झालेला मी. स्वतःचं घर होईल तेव्हा यातलं एकही वाक्य आपल्या तोंडून निघणार नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. प्लॉट भद्रावतीच्या एका लेआउटमध्ये घेतला, तो १९९०च्या दशकात. त्या काळी निप्पॉन डेन्रोचा वीज प्रकल्प इथे येणार म्हणून जमिनी घेतल्या गेल्या होत्या. कारखाना येईल, माणसं येतील, किरायदार रांग लावतील, असा हिशेब माझ्यासारख्या बऱ्याच जणांनी केला. प्रकल्प उभाच राहिला नाही. प्लॉट राहिला. रिटायर झाल्यावर त्यावर घर बांधलं, मुलाच्या संसारासाठी वर दोन खोल्या काढल्या, आणि मुलगा पुण्याला गेला. तिथे तोही किरायाने राहतो आणि मला विचारतो, "बाबा, घरमालक असा का वागतो हो?"

पाटीनंतर पहिला जो माणूस प्रत्यक्ष आला तो कोळसा खाणीवर कंत्राटदाराकडे कामाला होता. सरळ पोरगा. चहा पिऊन म्हणाला, "माझी नाइटच राहते जी. मी दिवसा झोपतो." मी कौतुकाने मान हलवली आणि डोक्यात वीज चमकली : दिवसा झोपतो म्हणजे मे महिन्यात भर बारा वाजता कुलर लावून झोपतो.

इथे बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. पुण्यात घर बघायला आलेला माणूस पार्किंग विचारतो. भद्रावतीत तो खिडकी बघतो, कुलर बसेल का म्हणून. मेमध्ये पारा पंचेचाळीस-सेहेचाळीसवर जाणं ही आमच्याकडे बातमी नव्हे. मार्चमध्ये कुलर माळ्यावरून उतरतात, त्यांच्या ताट्यांमधलं गवत बदलतं, आणि मग नवतपा संपून मिरगाचं पाणी पडेपर्यंत सगळा गाव एका घरघरीत झोपतो. कुलर वीज फार खात नाही. पंखा आणि छोटी मोटर मिळून दीडदोनशे वॅट, म्हणजे पाच-सहा तासांना एक युनिट. पण तो पाणी पितो. दिवसातून दोन टाक्या. पाणी बोअरचं, बोअरला मोटर, मोटरला वीज. शिवाय आमच्या बोअरचं पाणी जड, महिन्याभरात गवतावर पांढरा क्षार चढतो आणि कुलर गार हवेऐवजी नुसता उपदेश केल्यासारखा गरम वारा फेकतो. त्यामुळे 'कुलर लावाल का?' हा प्रश्न वीज, पाणी आणि माणसाचा स्वभाव, तिन्हींचा आहे.

तो मी विचारला. त्यापुढे आणखी एक विचारला, "दिवसा किती तास झोपता?" पोरगा क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला. नंतर बायको म्हणाली, "असं तर डॉक्टरपण विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी चंदनखेड्याकडची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे ग्राउंडवर धावणार, दुपारी क्लास, रात्री अभ्यास. आई आळीपाळीने गावी आणि इथे. "पोरगी रात्री लय उशिरापर्यंत वाचते," आई अभिमानाने म्हणाली. आणि माझ्या तोंडून मूलचे मालक बोलले : "म्हणजे किती वाजेपर्यंत लाइट चालू राहतो?"

मुलीने मान खाली घातली. आई म्हणाली, "तुमी म्हनान तवा बंद करून देऊ जी."

त्या रात्री मला झोप लागली नाही. उठून हिशेब केला. एलईडीचा दिवा नऊ वॅटचा. रोज सहा तास म्हणजे ५४ वॅटतास. महिन्याचे तीस दिवस धरले तर १६२०. हजार वॅटतासांचं एक युनिट. पोरीचा महिनाभराचा सगळा अभ्यास मिळून दीडपावणेदोन युनिट! तेवढ्यासाठी मी मेन स्विच पलंगाशेजारी आणायला निघालो होतो. इथल्या विजासनच्या टेकडीत सरळ आत जाणारं लांबच लांब लेणं आहे, शेवटी अंधारात बुद्ध बसलेला. पावसाळ्याचे तीन महिने तिथे राहणाऱ्या भिक्खूंना कोणी विचारलं नसणार, दिवा किती वाजेपर्यंत जळतो म्हणून. अर्थात तिथला घरमालक डोंगर होता.

तिसरा उमेदवार आला तो टेस्टर घेऊनच. धंद्याने इलेक्ट्रिशियन. मी चंद्रपूरच्या गोल बाजारातून सबमीटर आणून वरच्या लाइनला बसवून घेतला होता, तो त्याला मोठ्या ऐटीत दाखवला. त्याने वरची सगळी बटणं बंद केली, अगदी फ्रिजचा सॉकेटही, आणि मला जिन्याखाली बोलावलं. सबमीटरचा तांबडा दिवा लुकलुकतच होता.

"काकाजी, वर कोनी नाही, काही चालू नाही, मंग हे कोनाचं बिल बनून रायलं?"

आतून बायकोचा आवाज आला, "अहो, मोटर चालू केली हो मी, टाकी भरतेय!" आमच्या वायरमनने बोअरची मोटर आणि जिन्याचा दिवा, दोन्ही वरच्या लाइनवर टाकले होते. म्हणजे मी कोणालाही खोली दिली असती तरी माझ्या आंघोळीचं पाणी त्या माणसाच्या पैशाने वर चढलं असतं, आणि मी दर महिन्याला चेहरा गंभीर करून म्हणालो असतो, तुमचा वापर जरा जास्तच दिसतो. एक हॉर्सपॉवरची मोटर, ७४६ वॅट, रोज अर्धा तास. महिन्याला अकरा युनिट. वरोऱ्याच्या मालकीणबाईंच्या मीटरवरही असलं काही होतं का, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा आला, तेही पस्तीस वर्षांनी.

त्याच माणसाने मला खरा पेच समजावून दिला. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं : शंभरपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसरा, वहन आकार धरून, जवळपास दुप्पट. हे पोस्टातल्या माणसाला माहीत नसतं असं नाही. पण त्याचा अर्थ काय होतो ते त्याने आमच्या बिलाच्या पाठीमागे मांडून दाखवलं. हिशेबाच्या सोयीसाठी पहिल्या शंभराला सहा रुपये आणि पुढच्याला अकरा धरले. दोन कुटुंबं, प्रत्येकी शंभर युनिट. मीटर वेगळे असतील तर सहाशे आणि सहाशे, बाराशे. मीटर एकच असेल तर पहिल्या शंभराचे सहाशे आणि दुसऱ्या शंभराचे अकराशे, सतराशे. वीज तेवढीच जळाली. वरचे पाचशे रुपये कोणी वापरले नाहीत, कोणी उधळले नाहीत. एका मीटरवर दोन चुली मांडल्या म्हणून ते उगवले.

"आता सांगा काकाजी," तो म्हणाला, "पयले शंभर युनिट कोनाचे?"

हा प्रश्न मी त्यानंतर आठवडाभर घेऊन फिरलो. मी म्हणतो, मीटर माझा, घर माझं, आधीपासून राहतो मी, तेव्हा स्वस्त शंभर माझे आणि तुम्ही आल्यामुळे जे वाढले ते महाग तुमचे. तुम्ही अकराशे द्या. किरायदार म्हणणार, मी नवा आलो म्हणजे काय विजेच्या तारेत मागे उभा राहिलो? मी माझे शंभर जाळले, मला शंभराचा दर लावा. मी सहाशे देतो. तिसरा मार्ग सरासरीचा, साडेआठशे-साडेआठशे. ऐकायला फार न्याय्य वाटतो. दुसऱ्या टोकाला घरमालकांची आणखी एक जात आहे, तिने युनिटला सरसकट सगळ्यात वरचा दर लावलेला असतो आणि 'आमच्या इथे असंच आहे' हे शास्त्र सांगितलेलं असतं. ब्रह्मपुरीचे पॉइंटवाले त्यांच्यापुढे संत.

बरं, कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मी आणून वाचला. कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. कलम २९ सांगतं, वीज-पाण्यासारख्या आवश्यक सोयी मालकाने तोडू किंवा अडवू नयेत. म्हणजे पलंगाशेजारच्या स्विचचा बंदोबस्त झाला. पहिल्या शंभरांबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही. अकरा महिन्यांच्या कराराचा छापील नमुना आणला, त्यात एकच ओळ : विजेचे बिल वापरकर्ता भरेल. कुठला वापरकर्ता? आम्हीही वापरतोच की.

उत्तर विद्युत अधिनियम, २००३ मध्ये निघालं. कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कोणीही अर्ज केला तर वितरण कंपनीने वीज द्यायची. म्हणजे वर वेगळा मीटर. वेगळा मीटर म्हणजे वेगळे शंभर. हे इतकं सोपं असून लोक करत का नाहीत, ते मला शेजारी विचारल्यावर कळलं. "मीटर त्याच्या नावाचा झाला म्हंजे उद्या घर त्याचं होते." ही भीती आमच्या लेआउटमध्ये घरोघर आहे. विजेच्या बिलाने घराची मालकी ठरत नाही, हे समजावता समजावता माझा चहा गार झाला. मीटर मी माझ्याच नावाने घेतला तरी चालतं, हेही सांगितलं. शेजारी म्हणाले, "मंग स्थिर आकार दोनदा भरा लागन." ते खरं होतं.

टेस्टरवाल्याला खोली आवडली होती, पण त्याला शेवटी स्टेशनजवळ मिळाली. जाता जाता तो एक गोष्ट सांगून गेला. त्याने काही दिवस कंत्राटदारामार्फत आमच्याच गावातल्या पॉवरग्रिडच्या स्टेशनात काम केलं होतं. मोठमोठे मनोरे दिसतात, ते कशासाठी आहेत हे इतकी वर्षं मी कधी विचारलं नव्हतं. "काकाजी, ते घरमालक-किरायदाराचंच प्रकरन आहे," तो म्हणाला. पश्चिमेची ग्रिड आणि दक्षिणेची ग्रिड, दोन्हींचा ताल म्हणायला सेकंदाला पन्नासचाच. पण प्रत्यक्षात एक जराशी पुढे, दुसरी जराशी मागे. थेट तारेला तार लावली तर दोघी कोलमडायच्या. आणि वीज तर इकडून तिकडे द्यायचीच होती. म्हणून १९९०च्या दशकाच्या शेवटी भद्रावतीत एक हजार मेगावॅटचं स्टेशन उभं राहिलं. त्यात एका बाजूची उलटसुलट धावणारी वीज आधी एका दिशेची, सरळ करायची आणि तिथल्या तिथेच दुसऱ्या बाजूच्या तालाने पुन्हा उलटसुलट करून पलीकडे सोडायची. त्या रचनेचं नावच 'बॅक टू बॅक', पाठीला पाठ. हिने हिचा ताल सोडायचा नाही, तिने तिचा, आणि देणंघेणं चालू. पुढे ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड बाकी देशाच्या तालात आली. तोवर कित्येक वर्षं दोघींचं आमच्या गावातून निभलं.

शेजारी चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॅटचं. पायाखाली कोळसा. डोक्यावरून मनोऱ्यांच्या तारा. आणि खाली मी, मोटरच्या अकरा युनिटांचं काय करायचं या चिंतेत. असो. ते अकरा मी माझ्या लाइनवर घेतले. जिन्याचा दिवाही. वायरमनला बोलावून तारा बदलल्या, त्याचे चारशे रुपये वेगळे गेले.

खोल्या चंदनखेड्याच्या मायलेकींना दिल्या. ठरवताना मी आधी मुलीची माफी मागणार होतो, पण तिने ऐनवेळी 'काकाजी, टेबल कुठे ठेवू?' असं विचारलं आणि ते राहून गेलं. लाइट बिलाचं बोलणं असं झालं : वेगळ्या मीटरचा अर्ज मी करतो, तो लागेपर्यंत सबमीटर. स्थिर आकार आमचा. युनिटला सरासरी दर. आईने नुसतं "हो जी" म्हटलं. सरासरी म्हणजे काय हे तिने विचारलं नाही आणि मी, खरं सांगायचं तर, फार उलगडून सांगितलंही नाही.

होळीनंतर त्या आल्या. एप्रिलचं बिल आलं २८१ युनिटचं. मी बिल काठाला धरून अंगठ्याने घाम पुसला आणि मनात म्हणालो, बघा, वर माणसं आली की असं होतं. मग जिन्याखाली जाऊन सबमीटर वाचला. वरचे ६६. त्यात त्यांचा सेकंडहँड छोटा कुलर, पंखा आणि पोरीचं सगळं वाचन आलं. उरलेले २१५ आमचे, दोघांचे.

बिलाच्या पाठीमागे पुन्हा तोच सहा-अकराचा हिशेब मांडला. पहिल्या शंभराचे सहाशे, उरलेल्या १८१ चे एकोणीसशे एक्याण्णव, एकूण २५९१. सरासरी युनिटला नऊ रुपये बावीस पैसे. वरच्या ६६ चे ६०८. वेगळा मीटर असता तर त्यांना आले असते ३९६. मधले दोनशे बारा रुपये त्या बाईने कशासाठी द्यायचे होते, हे मी कागदावर शोधत बसलो. बायको चष्मा लावून शेजारी येऊन बसली होती. तिने बोट २१५ वर ठेवलं आणि मग मान वर करून आमच्या खिडकीतल्या मोठ्या कुलरकडे बघितलं.

"तिच्याकडून तीनशे शहाण्णव घ्या," ती म्हणाली. "पहिले शंभर तिचे."

मी चिठ्ठी लिहिली, ६६ गुणिले ६ बरोबर ३९६, आणि दुसऱ्या दिवशी द्यायला वर गेलो. पहाटेचे सहा वाजले होते. पोरगी धावून आली होती आणि दारामागे बादलीत कसलातरी रॉड होता. मी जिन्यातच थांबलो. घशाशी खोकला आला होता, तो गिळला आणि चिठ्ठी उंबऱ्यावर ठेवून खाली आलो.